डावखुऱ्याचं स्थळ

सुधामावशी, तुला जाऊन अकरा दिवस झाले आणि आपल्या टीमला अजून एक पिचर कमी आहे. बारा ठरले, तेरावा काही ठरत नाही. आज सकाळी दात घासताना हे मी मनातल्या मनात तुला सांगूनही टाकलं, आणि मग आठवलं. असं दिवसातून चार-पाच वेळा होतं. बातमी घेऊन तुझ्याकडे निघते आणि अर्ध्या वाटेत पाय थांबतात.

मी अजून फ्रिस्कोतच आहे, तुझ्या लेकाकडे, नितीनदादाकडे. ऑफिसला एवढंच कळवलं की फॅमिली इमर्जन्सी आहे, काही दिवस इथूनच काम करते. कोण गेलं हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. इथली माणसं अशा वेळी खोलात शिरत नाहीत. 'हवा तेवढा वेळ घे' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी मेल पाठवतात. दुपारचं जानेवारीचं ऊन डायनिंग टेबलावर येतं, हळूहळू खाली कार्पेटवर उतरतं आणि तुझ्या खुर्चीच्या पायांशी येतं. दादा आणि वहिनी कामावर, त्यांची ईशा शाळेत. घरात फ्रिजचा आवाज तेवढा असतो. लॅपटॉपवर एक पिचर चेंडू फेकत असतो, आवाज बंद करून ठेवलेला, तोच चेंडू, पुन्हा पुन्हा. पाय उचलतो, हात मागे जातो, चेंडू सुटतो, आणि परत पाय उचलतो. कितीतरी वेळ मी नुसती बघत बसते, काम म्हणून नाही.

तू पहिल्यांदा हे बघितलंस तेव्हा मटार सोलत होतीस. चार हिवाळे झाले त्याला; दर हिवाळ्यात मी काही दिवस काम घेऊन इथे राहायला यायचे. मला नुकतीच बेसबॉल टीमच्या ऑफिसात नोकरी लागली होती. पुण्याच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन, इथे टेक्सासला एमएस करून मुलगी शेवटी खेळाडूंची आकडेमोड करते, याचं आईला जरा दुःखच होतं. तुला मात्र कुतूहल. समोरच्या खुर्चीतून वाकून तू विचारलंस, "हा कोण गं मुलगा?"

"पिचर आहे मावशी. चेंडू फेकणारा. त्याचा जुन्या टीमशी करार संपलाय."

"म्हणजे आता मोकळा आहे?"

"हो. सीझन संपला की असे पुष्कळ जण मोकळे होतात. मग हिवाळाभर सगळ्या टीम त्यांच्यामागे. ज्याला जो पटेल तो."

तुझे हात थांबले. "अगं, मग ही स्थळंच की!"

नाशिकच्या घरातल्या पुढच्या खोलीत तीस वर्षं तू वधूवर सूचक केंद्र चालवलंस. काका गेले, केंद्र बंद झालं, दादाने तुला इकडे आणलं, आणि त्या दिवसापर्यंत या देशात तुला काही कामच नव्हतं. त्या दुपारी ते मिळालं. संध्याकाळी वहिनीकडून तू एक जाड वही मागून घेतलीस. एका पिचरला एक पान. वय, उंची, हात डावा की उजवा, मोठी आजारपणं, स्वभाव. मी म्हटलं, मावशी, बॉल किती वेगाने फेकतो ते पण लिही. तर म्हणालीस, "ती पत्रिका तुझ्या लॅपटॉपात आहे ना, असू दे तिथेच. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळून सहा महिन्यांत माहेरी परत आलेल्या मुली मी बघितल्या आहेत."

मी हसले होते. खरं सांगायचं तर मी तुला बरेच दिवस हसण्यावारीच नेलं. मला वाटायचं, बरं आहे, म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा. तुला वेळ घालवायला काहीतरी मिळालं आणि मला कामाच्या वेळी गरम चहा. मी मोठी उदार असल्यासारखी वागत होते, आणि चहाही तूच करत होतीस.

पण मावशी, तू जे प्रश्न विचारायचीस ते मला अजून दुसऱ्या कुणी विचारलेले नाहीत. मी सांगितलं की टीमला तेरा पिचर लागतात. पाच जण सामन्याची सुरुवात करणारे, आळीपाळीने, आणि आठ जण मागाहून येणारे. ते आठ जण मैदानाच्या कोपऱ्यात बाकावर बसून असतात. फोन वाजला तर उठायचं, हात मोकळा करायचा. नाही वाजला तर सामना संपल्यावर घरी. तू वहीत वर लिहिलंस, 'एकत्र कुटुंब, माणसं तेरा.' आणि विचारलंस, "ते आठ जण बसून बसून काय करतात?"

"काय करणार? वाट बघतात."

"ती कोणाला चांगली बघता येते, ते आहे का तुझ्या पत्रिकेत?"

नव्हतं. अजूनही नाही.

तुझं म्हणणं असं की सगळ्यात चांगले तेरा निवडले म्हणजे घर होत नाही. तेरा मोठे सासरे एका छताखाली आणल्यासारखं होईल. कोणीतरी धाकटं लागतं, कोणीतरी ऐकून घेणारं, कोणीतरी नुसतं वेळेवर येणारं. "घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, आणि तेरा पिचर पाहावे जमवून," असं तू दादाला जेवताना सांगायचीस आणि तो भाजीत मीठ कमी आहे म्हणायचा. मग दुपारी तू पुन्हा समोर येऊन बसायचीस. मी एकेक व्हिडिओ लावायचे. ऊन, उकळलेल्या चहाचा वास, पडद्यावर कुठल्यातरी गावचं हिरवंगार मैदान, बाहेर झाडं सगळी वाळकी. मध्येच तुझा डोळा लागायचा. पाच मिनिटांनी जागी होऊन विचारायचीस, "गेला का तो उंच?" तो उंच जायचा, दुसरा यायचा. त्या दुपारी मला आठवतात तेव्हा त्यांत वारच नसतात. सगळी मिळून एकच दुपार असते आणि तिच्यात तेरा-चौदा मुलं मैदानातल्या आपापल्या टेकाडावर उभी राहून चेंडू फेकत असतात.

तू कुठे बघत होतीस हे मला दुसऱ्या हिवाळ्यात कळलं. मी चेंडू फेकतानाचे व्हिडिओ लावायचे आणि तू म्हणायचीस, "हे पुढे ढकल, त्याला काढतात तिथे आण." पिचर दमला किंवा मार खायला लागला की टीमचा मॅनेजर स्वतः चालत मैदानात जातो आणि त्याच्यापुढे हात पसरतो. पिचरने चेंडू त्या हातावर ठेवायचा आणि निघून जायचं. हजारो लोक बघत असतात. तू तेवढंच बघायचीस. कांदेपोह्याच्या कार्यक्रमाला मुलगा काय बोलतो हे तू कधी ऐकलंच नाहीस म्हणे. बशी रिकामी झाल्यावर ती तो कुठे आणि कशी ठेवतो, ते बघायचीस.

कुणी चेंडू आपटून द्यायचा. कुणी मॅनेजर पोचायच्या आतच निघायचा. कुणी आभाळाकडे बघायचा. आणि मग तो डावखुरा आला. वय वाढलेलं, कोपराचं ऑपरेशन झालेलं, वेग उतरलेला. माझ्या यादीत तो इतका खाली होता की मी त्याचा व्हिडिओ चुकून लावला होता. त्याने चेंडू पँटला पुसला. नीट पुसला, दोनदा, आणि मग मॅनेजरच्या हातावर ठेवला. तू म्हणालीस, थांब, परत लाव. मी परत लावला. मग तू म्हणालीस, तो पुढे कुठे जातो ते दाखव. ते शोधायला मला अर्धा तास लागला. तो आत गेला नव्हता. कठड्याला टेकून उभा होता, आणि त्याच्या जागी आलेल्या पोराचा डाव संपेपर्यंत तिथून हलला नाही.

"मुग्धा, हा घे," तू म्हणालीस.

"मावशी, त्याचा हात संपलाय गं."

"असेल. पण आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात पुसून देणारा माणूस आहे हा. असा एक घरात असला की बाकीचे आपोआप सरळ वागतात."

आता जे लिहायचं आहे ते मी गेले अकरा दिवस टाळत आलेय.

तू सांगितलंस म्हणून मी त्याचे आकडे पुन्हा काढले. तुझं म्हणणं खरं ठरवील असं काहीतरी शोधत बसले, आणि शोधलं की सापडतंच. सलग दोन दिवस खेळवलं तरी त्याचा खेळ उतरत नव्हता. दुसऱ्याने करून ठेवलेल्या गोंधळात तो आला तर बहुतेक वेळा गोंधळ निस्तरूनच जायचा. मी छान तक्ते केले आणि मीटिंगमध्ये मांडले. आमचा साहेब डॅन, जो माझं बोलणं एरवी घड्याळाकडे बघत ऐकायचा, त्याने खुर्ची पुढे ओढली. डावखुरा आला. त्या उन्हाळ्यात तो फार काही चमकला नाही, पण त्या बाकावरची आठही माणसं हळूहळू जागेवर बसली. तरणी पोरं त्याच्या शेजारची जागा धरायला लागली. सीझन संपल्यावर डॅनने सगळ्यांसमोर सांगितलं, हे कुठल्या मशीनला दिसलं नव्हतं, ही मुग्धाची नजर आहे. मला बढती मिळाली. मी 'थँक यू' म्हणाले.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो मी.

तुझं नाव सांगायला मला काय झालं होतं? लाज वाटली, दुसरं काही नाही. त्या खोलीत सगळे मोठमोठ्या कॉलेजांतले, काही स्वतः खेळलेले. मी एकटी अशी, की जिने आयुष्यात बॅट हातात धरलेली नाही. तिथे उभं राहून सांगू, की हे माझ्या मावशीने बघितलं, जिने नाशिकला लग्नं जुळवली? मला वाटलं, मला वेड्यात काढतील. नंतर सांगू, असं म्हणत राहिले, आणि नंतर सांगणं आणखी अवघड होत गेलं.

मग तू फोनवर विचारलंस. सहज विचारल्यासारखं, पण मला तुझा आवाज ओळखता येतो. "त्या ऑफिसात माझं नाव सांगितलंस का गं?"

"हो, सांगितलं की."

"काय म्हणाले?"

"खूप हसले. खूश झाले. तुला थँक्स सांगितलंय."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. नंतर वहिनीने सांगितलं की त्या दिवशी तू शिरा केला होतास. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तू अख्ख्या फ्रिस्कोला सांगत सुटलीस की टीमवाले मला नावाने ओळखतात. परवा तुझ्यासाठी भेटायला आलेल्या जोशीकाकू माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "किती अभिमान होता गं तिला त्याचा. तू तिचं नाव केलंस." मी मान हलवली. काय करणार होते? तिथून उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. तू गेलीस म्हणून रडतेय असं सगळ्यांना वाटलं. तेही खरंच होतं.

आणि या हिवाळ्यातलं भांडण. तेरावी जागा सुरुवात करणाऱ्याची आहे, आणि आम्हाला मिळण्यासारखा एक मोठा पिचर आहे, उजव्या हाताचा, भक्कम, तरणा. त्याचे आकडे बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. या वेळी मला इकडे यायला जमलं नव्हतं; मी पाठवलेले दोन व्हिडिओ तू बघितलेस आणि फोनवर म्हणालीस, "हा नको."

"का पण?"

"त्या लांबच्या पोराच्या हातून झेल सुटला, तेव्हा हा आधी त्याच्याकडे बघतो. चेंडू कुठे गेला ते नंतर बघतो."

"मावशी, एका झेलावरून?"

"एका नाही, दोनदा. दुसऱ्या व्हिडिओतही बघ. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा आहे तो. थांब थोडं, अजून येतील स्थळं."

मला घाई होती. डॅनला उत्तर हवं होतं. तुझ्या मताशिवाय ठरवायला मी शिकले नव्हते आणि त्याचाच मला राग आला होता. मी म्हणाले, "मावशी, हे काही लग्न नाहीये. हे खरं काम आहे."

तू अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "लग्नं जुळवणंही खरंच काम होतं गं." आणि विचारलंस, जेवलीस का.

मी जेवले होते. तेवढंच सांगून फोन ठेवला. रविवारी निवांत फोन करू, सॉरी म्हणू, जमलं तर ते दुसरंही सांगून टाकू, असं ठरवलं होतं. शुक्रवारी दुपारी तू जेवून आडवी झालीस ती उठलीच नाहीस. ईशाने शाळेतून आल्यावर हाक मारली. "शी वॉज जस्ट स्लीपिंग, मुग्धाआत्या," असं ती मला अजून दिवसातून एकदा तरी सांगते. मी तिला जवळ घेते. तिला भीती वाटते की तिने अजून जोरात हाक मारायला हवी होती. प्रत्येकाकडे आपापलं काहीतरी आहे.

पाचव्या दिवशी दुपारी मला तुझ्याच खोलीत झोप लागली. स्वप्नात नाशिकची पुढची खोली होती, आणि भिंतीला लागून मांडलेल्या खुर्च्यांवर पिचर बसले होते. एवढाले उंच, गुडघे वर आलेले, टोप्या मांडीवर. सगळ्यांच्या हातात पोह्यांच्या बशा. खिडकीतून आपल्याकडचं ऊन येत होतं आणि पंखा फिरत होता. तू आतबाहेर करत होतीस, कुणाला लिंबू देत होतीस, कुणाला आणखी पोहे. मी दारात उभी राहून तुला खुणा करत होते, मावशी, यांना मराठी येत नाही. तू हाताने म्हणालीस, थांब, बोलण्याची गरज नाही. कोणीच बोलत नव्हतं. सगळे फार समाधानाने खात होते. मला तिथे इतकं बरं वाटत होतं की जाग आल्यावर थोडा वेळ मी डोळे उघडलेच नाहीत. माझ्यावर रागावलेली होतीस का, ते तुझ्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तू कामात होतीस.

तू रागावली होतीस का गं? की तुला सगळं माहीतच होतं? तीस वर्षं मुलांकडच्यांच्या थापा ऐकलेली बाई तू. 'खूप हसले, खूश झाले' एवढ्यावर विश्वास ठेवलास, हे मला राहून राहून खरं वाटत नाही. पण मग शिरा का केलास? हे मला आता कधीच कळणार नाही, आणि ते न कळता मला राहायचं आहे.

आज सकाळी मीटिंग होती. मी या टेबलावर बसूनच कॅमेरा लावला. डॅन, त्याची चार माणसं, पडद्यावर त्या उजव्या पिचरचे आकडे. डॅन म्हणाला, "आकडे सगळे 'हो' म्हणतायत. पण मुग्धा, त्या डावखुऱ्याच्या वेळी तुला जे दिसलं होतं तसं इथे काही दिसतंय का? तुझी नजर काय म्हणते?"

मी म्हटलं, "ती नजर माझी नव्हती."

मग मी सांगितलं. घाबरत, अडखळत, पण सगळं. नाशिकचं केंद्र, वही, बशी कशी ठेवतात ते, पँटला पुसलेला चेंडू. मी म्हणाले, तक्ते मी केले, ते खरे होते, पण माणूस माझ्या मावशीने ओळखला. तिचं नाव सुधा कर्णिक. हे मी दोन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. आणि हा उजवा पिचर तिला नको आहे.

कोणी हसलं नाही, मावशी. मी ज्याला एवढी घाबरत होते ते झालंच नाही. डॅन म्हणाला, झेल सुटला तो व्हिडिओ लाव. लावला. परत लाव म्हणाला. पाचही जण वाकून बघत होते, तू बघायचीस तसं. मग दुसरा बघितला. डॅनने चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. म्हणाला, "गुरुवारपर्यंत थांबू. पण त्या मीटिंगला तिला घेऊन ये. इथे यायचे कष्ट नकोत, फोनवर चालेल. ती येईल का?"

मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्या खोलीत तुझं नाव आत्ता कुठे पहिल्यांदा पोचलं होतं. पाच माणसं तुझी वाट बघत होती. त्याच क्षणी तुला तिथून नाहीशी करणं माझ्या जिवावर आलं.

"विचारते," मी म्हणाले.

म्हणून विचारतेय, मावशी. गुरुवारी सकाळी दहा वाजता आहे. येशील?